रक्तातला नंबर

बाजाराच्या मधल्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे. पुढे काचेची कपाटं, मधे उंच पाठीची खुर्ची, खुर्चीसमोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि मागे पडद्याआड एक लहानशी खोली. त्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे. दुकानाच्या मालकाला सगळा बाजार नंबरवाले म्हणतो, आणि पडद्यामागे मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या बायकोला वहिनी. ही गोष्ट वहिनींची आहे. नंबरवाल्यांची गोष्ट सांगायला ते स्वतः खंबीर आहेत. कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना चष्म्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेरी कुणाला चष्माच नव्हता. सासऱ्यांनी त्यांना मशीनवर बसवलं ते घरचं माणूस पगार मागत नाही म्हणून, पण त्यांचा हात असा काही बसला की थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी मशीनचा नाद सोडला. काच फ्रेममध्ये बसताना बारीकसा टक्‌ आवाज होतो. तो आला की वहिनी बघायच्याही नाहीत, पुढची काच उचलायच्या. दुरुस्तीला आलेली फ्रेम हातात घेतली की, हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो, ही बाई वाचता वाचता डुलक्या काढते, हे त्या काड्यांच्या बाकावरून सांगायच्या, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

जीभही तशीच होती, धार लावलेली. एकदा एक जाडजूड गृहस्थ चपटा झालेला चष्मा घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, काय सांगू, हातातून पडला."

वहिनींनी फ्रेम उजेडात धरून पाहिली. "हा पडलेला नाही. तुम्ही पडलाय. ह्याच्यावर."

गृहस्थ इतके हसले की नवीन फ्रेम घेऊन गेले. दुकान नंबरवाल्यांच्या हुशारीवर चालतं असं नंबरवाल्यांना वाटायचं, आणि वहिनी त्यांना तसं वाटू द्यायच्या. संसारात एवढं करावं लागतं.

नंबरवाले वाईट माणूस नव्हते, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायची इच्छा राहणार नाही. डोळे तपासण्यात त्यांचा हातखंडा होता. दुकानात त्यांनी एक नवं मशीन घेतलं होतं, ज्यात हनुवटी टेकवून बसलं की आपोआप नंबर छापून येतो. पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. तो छापील कागद बाजूला सारून ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, लोखंडी चौकट नाकावर चढवायचे आणि एकेक काच बदलत विचारायचे, "हे बरं, का ते बरं? घाई करू नका. आता? आणि आता?" म्हातारी माणसं गोंधळायची, मशीनमध्ये काय आलं ते विचारायची. त्यावर नंबरवाल्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "मशीन अंदाज देतं हो. नंबर माणूस देतो. तुम्हाला दिसतंय तेच खरं."

वहिनी पडद्याआडून हे वाक्य रोज ऐकायच्या. त्याचं त्यांना त्या काळी विशेष काही वाटत नसे.

मग ते सुरू झालं. नेमकं कधी, हे त्यांनाही सांगता येत नाही. लोकांनी आपापल्या सोयीने एक तारीख पकडली: एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हापासून. तसं नव्हतं. मुलगी गेली त्याच्या आधीपासूनच वहिनींना पहाटे फार लवकर जाग यायला लागली होती, आणि जाग आली की छातीवर कुणीतरी ओली गोधडी टाकून गेल्यासारखं वाटायचं. उठायचं, चहा ठेवायचा, एवढं ठरवायलाच कितीतरी वेळ जायचा. केस धुवायचे म्हणजे डोंगर. चव गेली. गिऱ्हाईक विनोद करायचं तेव्हा कुठे हसायचं ते त्यांना कळायचं, पण हसू आणावं लागायचं. धुतलेले कपडे गच्चीवर वाळत घालायचं त्यांनी सोडून दिलं. गच्चीला कठडा बुटका होता आणि तिथे उभं राहिलं की त्यांना स्वतःची भीती वाटायची. कपडे आता खिडकीतच का वाळतात, असं नंबरवाल्यांनी एकदा विचारलं. ऊन तिथेही येतं, असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

सांगितलं नाही असं नाही. एकदा जेवताना म्हणाल्या, "अहो, मला बरं वाटत नाही."

"ताप आहे?"

"नाही."

"मग?"

"आतून बरं वाटत नाही."

"आतून म्हणजे पोटातून?"

"नाही हो. कशातच जीव लागत नाही."

"मग दुकानात लवकर येत जा. कामात राहिलं की होतं नीट," असं म्हणून नंबरवाल्यांनी आमटीची वाटी पुढे केली.

थोरल्या नणंदबाई गावातच राहायच्या. त्यांचा स्वभाव मोकळा, म्हणजे मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर मोकळं करायचा. त्यांनी येऊन सगळी चौकशी केली आणि निदान केलं. "तुला काय कमी आहे गं? नवरा निर्व्यसनी, घर स्वतःचं, मुलगी कमावती. ही सगळी सुखं बोचायला लागलीत तुला."

ह्याला उत्तर नसतं, कारण हा प्रश्नच नसतो. जिच्या जिभेला सगळा बाजार वचकून होता ती बाई गप्प बसली, यावरून तरी नणंदबाईंना काही कळायला हवं होतं. त्यांना एवढंच कळलं की आपलं बोलणं पटलं.

फुटलं ते काचांवरून. एका शाळेतल्या बाईंचा चष्मा वहिनींनी घासला आणि उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे बसवली. टक्‌ आवाज दोन्हीकडे बरोबर आला होता. बाईंनी आठवडाभर तसाच चष्मा लावला, डोकं धरून फिरल्या, आणि शेवटी दुकानात येऊन सगळ्यांसमोर नंबरवाल्यांना चांगलं फैलावर घेतलं. बाई गेल्यावर नंबरवाल्यांनी पडदा बाजूला केला.

"लक्ष कुठंय तुझं? इतक्या वर्षांत असं झालं नाही!"

वहिनींनी तोंड उघडलं आणि शब्दांच्या जागी रडू आलं. थांबेना. नंबरवाले आधी घाबरले, मग चिडले, आणि त्यांच्या तोंडून ते निघालं: "आता हे सोंग बंद कर. बाहेर गिऱ्हाईक बसलंय."

सोंग. तो शब्द वहिनींच्या मनात जाऊन बसला आणि आजही तिथेच आहे.

मुलीने फोनवरून हट्ट धरला म्हणून दोघं मोठ्या हॉस्पिटलात गेली. मनाच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि त्या बोटाने वर सारत होत्या. एरवी वहिनींनी एव्हाना पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला असता. त्या दिवशी त्यांनी तो चष्मा पाहिला आणि नजर खाली वळवली.

"सांगा, काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तशी ठीक आहे ती," नंबरवाले म्हणाले. "फक्त जरा..."

"मी त्यांना विचारलं."

नंबरवाल्यांना सवय नव्हती, ते गडबडले. वहिनी थांबत थांबत बोलल्या. गच्चीचंही बोलल्या. नंबरवाले तेव्हा खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गच्चीबद्दल पुन्हा नीट विचारलं, आणि हे नैराश्य आहे, असं सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, "रक्त तपासू. थायरॉइड कमी असेल, अंगात रक्त कमी असेल, एखादं जीवनसत्त्व कमी असेल, तरी माणूस असा गळून जातो. ते आधी बघायला हवं. शिवाय आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. नैराश्य असलेल्या काही लोकांच्या रक्तात सूज दाखवणारी एक खूण वाढलेली सापडते. सगळ्यांच्या नाही. वाढलेली असली तर औषध ठरवायला मदत होईल का, ते आम्ही बघतोय. तुमची तयारी असेल तर तीही तपासू."

नंबरवाले खुर्चीत पुढे सरकले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ह्याचाही नंबर निघतो!"

"नंबर नाही हो," डॉक्टरीणबाई चष्मा वर सारत म्हणाल्या. "इशारा म्हणा. आजार आहे की नाही, किती आहे, हे रक्त सांगत नाही. ते ह्यांनीच सांगायचं."

नंबरवाल्यांनी मान डोलावली, पण ऐकलं एवढंच की नंबर निघतो.

रक्त दिलं. रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक, बाकी सगळं ठीक, आणि ती सुजेची खूण मात्र चांगलीच वाढलेली. त्या आकड्याशेजारी वर तोंड केलेला एक ठळक बाण होता. नंबरवाल्यांनी तो कागद हॉस्पिटलच्या जिन्यात दोनदा वाचला. घरी येऊन कपाटावर लावला. मग बहिणीला फोन लावून, आवाज चढवून म्हणाले, "अगं, सोंग नाही ते! रक्तात आहे!"

जणू सोंग हा शब्द शेजाऱ्यांनी काढला होता.

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. नंबरवाले सकाळचा चहा करायला लागले. अगदी पांचट व्हायचा, पण करायचे. गोळ्या स्वतः आणायचे, स्वतः हातावर ठेवायचे, वर पाण्याचा पेला. "ऊठ, बस, दमू नकोस." नणंदबाई फळं घेऊन आल्या आणि गळ्यात पडल्या. "एवढं रक्तापर्यंत गेलं होतं, मग आधी सांगायचं नाही का गं?"

वहिनींनी त्या फळांकडे पाहिलं. सांगायचं नाही का! गेलं वर्षभर त्या दुसरं काय करत होत्या? त्यांना वाटलं, ह्या माणसांना घर दणाणेल असं काहीतरी बोलावं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटत होतं. कुणीतरी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती, त्यांच्याच अंगातून निघालेल्या लहानशा बाटलीने. आपलं बोलणं ज्यांनी उडवून लावलं त्यांनी आपल्या रक्तापुढे मान तुकवली, ह्याचा आनंद मानायचा की राग, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी एक संत्रं सोलून खाल्लं.

गोळ्या लागू पडल्या. लगेच नाही, पण पडल्या. एक दिवस आमटीला चव लागली. एक दिवस त्यांनी विचार न करता केस धुतले आणि नंतर लक्षात आलं की धुतले. पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाई चष्मा वर सारायला लागल्या तशा वहिनी म्हणाल्या, "तो इकडे द्या बघू," आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून काड्या आवळून दिल्या. "लोकांच्या डोक्यात काय चाललंय ते बघता, आणि स्वतःच्या नाकावर काय चाललंय ते बघत नाही."

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "झालं, तुमची तब्येत कळली मला." तरी अभ्यासाच्या नियमाप्रमाणे त्यांनी रक्त घेतलं. आणि निरोप देताना नंबरवाल्यांकडे बघून बजावलं, "बरं वाटलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मी सांगेन तेव्हाच, तेही हळूहळू."

"हो, हो," नंबरवाले म्हणाले.

ह्या वेळच्या रिपोर्टात बाण नव्हता. आकडा खाली आला होता, नॉर्मलच्या आत. नंबरवाल्यांनी जुना कागद कपाटावरून काढून नवा लावला. "गेला नंबर!" म्हणाले, आणि बाजारातल्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगून आले. त्या आठवड्यात गोळ्या संपल्या आणि नव्या आल्या नाहीत.

"अहो, गोळ्या आणायच्या राहिल्यात."

"कशाला? नंबर गेला ना! नंबर गेल्यावर माणूस चष्मा लावून बसला तर डोळे बिघडतात. रोज सांगतो मी लोकांना."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..."

"डॉक्टर म्हणणारच. मी पण सांगतो गिऱ्हाइकाला, दरवर्षी या म्हणून." आणि ते आपल्या विनोदावर हसले.

इथे वहिनींचंही चुकलं, आणि ते त्या स्वतःच कबूल करतात. त्या स्वतः जाऊन गोळ्या आणू शकल्या असत्या. औषधांचं दुकान चार पावलांवर होतं. पण त्या आकड्याने त्यांना एकदा जिंकवलं होतं. आता तोच आकडा बरी झालीस म्हणत होता, तर त्याच्याशी भांडायचं कोणत्या तोंडाने? त्यांना वाटलं, असेनही बरी.

आधी चक्कर आल्यासारखं व्हायला लागलं. मग काही दिवस काहीच झालं नाही. मग एका पहाटे जाग आली आणि ती ओली गोधडी पुन्हा छातीवर होती. ह्या वेळी त्यांनी वेळ घालवला नाही. नंबरवाले उठल्या उठल्या सांगितलं, "परत सुरू झालंय."

नंबरवाल्यांनी त्यांना लगोलग, दुकान उशिरा उघडून, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेलं. ह्याचंही श्रेय द्यायला हवं. तीच तपासणी करायला सांगितली. संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा नॉर्मल. नंबरवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कागद वहिनींच्या पुढे धरला. "बघ. काही नाही. उगाच घाबरलीस."

"पण मला होतंय."

"अगं, रक्तात नाही."

"रक्तात नसेल. मला होतंय."

"रक्त खोटं बोलत नाही," नंबरवाले म्हणाले. रागावून नाही, समजुतीने. लहान मुलाला पलंगाखाली कुणी नाही असं सांगतात, त्या आवाजात.

वहिनींना तेव्हा पहिल्यांदा कळलं की मागच्या वेळी आपण जिंकलो नव्हतो. आपल्यावर कुणी विश्वास ठेवलाच नव्हता. ठेवला तो बाणावर. आणि आता बाण गेला तर आपण पुन्हा सोंगाडी.

त्यानंतरचे दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेले. पहिल्या वेळी निदान आशा होती की कुठेतरी काहीतरी सापडेल. आता सापडायचं काही उरलं नव्हतं. चहा पुन्हा वहिनींनाच करावा लागायला लागला. नणंदबाई येऊन कपाटावरचा कागद वाचून गेल्या. म्हणाल्या, "आता तर डॉक्टरांनी पण सांगितलं की काही नाही." कुठल्याही डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं.

एका दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. निवृत्त कारकून होते, बोलायला हळू. त्यांनी मशीनमध्ये हनुवटी टेकवली, कागद छापून आला, आणि त्या कागदाप्रमाणे त्यांचा जुना नंबर जसाच्या तसा होता. तरी म्हातारबुवा म्हणत होते की दिसत नाही. नंबरवाल्यांनी कागद चुरगाळून टोपलीत टाकला. त्यांना खुर्चीत बसवलं, चौकट चढवली, आणि काचा बदलायला लागले. पडद्याआड वहिनी मशीन बंद करून बसल्या होत्या. घासायची काच हातात होती आणि काय करायचं ते आठवत नव्हतं.

"हे बरं, का ते बरं?"

"दोन्ही सारखंच वाटतं हो."

"हरकत नाही. परत बघू. आता?"

"मला सांगताच येत नाहीये नीट. तुमचा वेळ घेतोय मी."

"वेळ घ्या. मला घाई नाही."

"पण तुमच्या मशीनमध्ये तर..."

"मशीन राहू द्या. तुम्हाला अंधूक दिसतंय ना? मग अंधूक आहे. तुम्ही म्हणता तेच खरं."

वहिनींच्या हातातली काच खाली पडली. म्हातारबुवा जाईपर्यंत त्या कशाबशा थांबल्या. मग पडदा सारून पुढे आल्या. केस विंचरलेले नव्हते, पुढच्या दुकानातला माणूस काचेतून बघत होता, पण त्यांना कशाचंच भान नव्हतं.

"त्यांचं खरं?"

"काय?"

"तो कोण कुठला माणूस. त्याने अंधूक म्हटलं की अंधूक. तुम्ही मशीनचा कागद टोपलीत टाकलात. माझा कागद कपाटावर लावलाय."

नंबरवाल्यांना लक्षात यायला वेळ लागला. मग ते हसले, कसनुसं. "अगं, डोळ्याचं वेगळं असतं. डोळ्याबद्दल कोण कशाला खोटं सांगेल?"

"आणि मी कशाला सांगेन?"

वहिनी वाट बघत राहिल्या. खरंच वाट बघत होत्या, हे लक्षात घ्या. टोमणा मारून मोकळ्या झालेल्या नव्हत्या. एवढी वर्षं ज्या माणसाशेजारी त्या झोपल्या, त्याने फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की नाही, तू खोटं सांगणार नाहीस. नंबरवाल्यांनी ट्रेमधल्या काचा नंबराप्रमाणे लावल्या. मग एक वर काढून फडक्याने पुसली. मग म्हणाले, "तुला विश्रांती हवी आहे. घरी जा आज."

वहिनी घरी गेल्या नाहीत. त्या तशाच चालत स्टँडवर गेल्या, मोठ्या हॉस्पिटलची बस पकडली आणि आधी नाव न नोंदवलेल्यांच्या रांगेत बसून राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाहून विचारलं, "गोळ्या बंद केल्या?"

"नंबर गेला म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं की ती खूण नॉर्मल असतानाही नैराश्य असतं. पुष्कळांच्या बाबतीत ती मुळात वाढतच नाही. आकडा खाली आला तो कदाचित औषधाने, कदाचित आपोआप. "तुम्ही बरं नाही म्हणताय, एवढं मला पुरे आहे. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. मी बोलते."

नंबरवाले गेले नाहीत. दुकान कोण बघणार?

गोळ्या वहिनी आता स्वतः आणतात, स्वतः घेतात. बरं वाटायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण वाटलं. मशीनवर टक्‌ आवाज आला तरी त्या काच पुन्हा उजेडात धरून बघतात, उजवी कुठली, डावी कुठली. जीभ परत आली, मात्र नवऱ्याशी त्या कामापुरतंच बोलतात. तो कागद कपाटावर अजून आहे. नंबरवाले गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या मिसेसना डिप्रेशन होतं. रक्तातून पार गेलं. सगळं नॉर्मल." गिऱ्हाईक वाहवा म्हणतं. पडद्याआडून वहिनी मशीन सुरू करतात.

आणि मग परवाचा रविवार. दुकान बंद होतं, नंबरवाले बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन आडवे झाले होते. मुलीचा फोन आला. नेहमीचं बोलणं झालं, जेवलीस का, ऑफिस कसं आहे. मग मुलगी म्हणाली,

"आई, एक सांगू? मला सकाळी उठवत नाही गं. डबा भरते आणि दुपारी न उघडताच परत आणते. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. काय होतंय तेच कळत नाही."

प्रत्येक शब्द त्यांना पाठ होता. आणि त्यांच्या तोंडून, त्यांच्या स्वतःच्या तोंडून, शब्द निघाले: "रक्त तपासलंस का?"

"हो ना," मुलगी म्हणाली. "तपासून घेते. रिपोर्ट आला की सांगते तुला. बाकी बरं आहे सगळं."

वहिनींनी तो आवाज ओळखला. ऊन खिडकीतही येतं, असं सांगणारा आवाज. त्यांना स्वतःची घृणा आली. "अगं, थांब, तसं नाही, सांग मला," त्या म्हणाल्या, पण मुलगी आता हसत होती. "नाही गं, मी उगाच बोलले. झोप झाली नाही ना नीट, म्हणून. ठेवते हं." आणि फोन ठेवला. वहिनींनी परत लावला. मुलीने उचलला आणि पुन्हा तेच सांगितलं, आणखी गोड आवाजात.

रक्त तपासायचं होतंच. ते त्या तिला नेऊन तपासणारही होत्या. पण ते पहिलं वाक्य नव्हे. ते वाक्य आपल्या तोंडात कुणी घातलं, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि नंबरवाल्यांचं नाव घ्यायला त्यांना तोंड नव्हतं. फोनवर आता मुलगी काहीही सांगणार नव्हती. फोनवर बरं आहे म्हणणं किती सोपं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी कपाट उघडलं आणि पिशवीत कपडे भरायला घेतले. आवाज ऐकून नंबरवाले दारात आले.

"कुठे निघालीस?"

"तिच्याकडे. तिला बरं नाही."

"काय झालं?"

"मला होत होतं तेच."

नंबरवाल्यांच्या हातातला पेपर खाली आला. चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी. "कशावरून म्हणतेस? रिपोर्ट आला का?"

"तिने सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीची चेन ओढली.